पाठवणाऱ्याचं नाव

पहिला फोन औषधाच्या दुकानातल्या बाईंचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम, "तुमच्या वडिलांना माझ्याकडून नक्की कसला कागद बघून हवाय?"

"कसला कागद?"

"ते मीच तुम्हाला विचारतेय. सकाळपासून त्यांच्या मेलवर मेल येताहेत. कागद जोडला आहे, पाहावा, वाट पाहत आहे. पाहायला गेले तर माझा कॉम्प्युटर बंद पडला. समोर गिऱ्हाईक उभं आहे आणि माझ्याकडे पावती निघत नाहीये."

मी म्हटलं, बाबांनी असं काही पाठवलेलं नाही. त्या म्हणाल्या, नाव त्यांचं, पत्ता त्यांचा, मग काय भुताने पाठवलं? फोन ठेवते न ठेवते तोच सोनाराचा फोन. मग शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सरांचा, त्यांच्यामागून रंगाच्या कारखान्याचा. दुपार होईपर्यंत ज्यांचे काटे आम्ही वर्षानुवर्षं तपासत आलो, त्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं. मीही काही मूग गिळून बसणाऱ्यातली नाही. सोनाराला मी सांगून टाकलं, "आलेली प्रत्येक गोष्ट उघडून बघायची सवय असेल तर आधी ती सोडा." त्याने फोन आपटला. बरं झालं, म्हटलं, एक कमी.

आमचा धंदा वजनकाट्यांचा. विकायचा नव्हे, तपासायचा. काट्यावर प्रमाण वजनं ठेवायची, मधे, मग चारही कोपऱ्यांवर, चढत्या क्रमाने आणि मग उतरत्या, आणि काटा खरं बोलतोय अशी खात्री झाली की दाखला द्यायचा. बाबांचा एकच नियम होता: तपासलं नाही म्हणजे चुकीचं. काटा कालच तपासलेला असो, नवाकोरा असो, बाबा वजनांची पेटी उघडल्याशिवाय सही करत नसत. त्या सहीवर औषधवाले औषधं तोलत आणि सोनार सोनं. आणि आता त्याच सहीच्या पत्त्यावरून हा कचरा चालला होता.

बाबांना विचारायला कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. एका खोलीत माझं टेबल आणि दुसरीत बाबांचा लांब बाक, त्यावर काचेच्या पेट्यांतले नाजूक काटे, आणि कोपऱ्यात पोती तोलायचा मोठा जमिनीवरचा काटा, हल्ली धूळ खात पडलेला. गेल्या वर्षी पक्षाघाताने बाबांची उजवी बाजू नेली आणि बरोबर बोलणंही नेलं. डोकं मात्र शाबूत. तेव्हापासून त्यांचं बोलणं म्हणजे बाकावरच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचे आणि पडदा माझ्याकडे वळवायचे. दाखले आता मी करत होते, पण करताना बाबांची नजर पाठीत टोचत असायची.

तसे ते आधीही फार बोलणारे नव्हते, आणि लिहिण्यात तर त्याहून कंजूष. मेल गिऱ्हाइकाला असो की पोटच्या पोरांना, साचा एकच. 'काटा तयार आहे. न्यावा.' मी शिकायला बाहेर होते तेव्हा मला आलेली एक अख्खी मेल अशी: 'स्वेटर पाठवला आहे. घालावा.' मी आणि धाकटा, म्हणजे माझा भाऊ, त्यावरून पोट दुखेपर्यंत हसायचो. पाणी मागायचं तरी "पाणी आणावे" म्हणायचो एकमेकांना.

धाकटा आता इथे नसतो. तोही पूर्वी याच बाकावर बसायचा. त्याची बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती तेव्हा औषधवाल्या बाईंचा काटा त्याच्याकडे आला होता. तिकडून निरोप आला आणि त्याने वजनांची पेटी न उघडताच दाखल्यावर सही ठोकली आणि पळाला. छोटी त्याच दिवशी जन्मली. बाबांना दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी काटा परत आणून तपासला. काटा अचूक निघाला. दुसरा कोणी असता तर तिथेच विषय संपला असता. बाबांनी सगळ्या गिऱ्हाइकांना एक सूचना पाठवली: 'माझ्या मुलाच्या सहीचे दाखले रद्द समजावेत.' पत्त्यांच्या ओळीत धाकट्याचाही पत्ता होता. बारशाच्या आधी त्याच्या हातात पडलेलं घरचं पत्र ते. तो दुसऱ्या गावी गेला, तिथल्या एका कारखान्यात लागला. नातीचं तोंड बाबांनी पाहिलं नाही.

झटका आल्यावर मी त्याला बोलावलं होतं आणि तो रातोरात निघून आलाही. दवाखान्यात खाटेजवळ उभा राहिला. बाबांनी त्याला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तो तसाच मागे फिरला. जाताना मला म्हणाला, "ताई, आता त्यांनी स्वतः बोलावलं तरच येईन. तू नाही, त्यांनी." डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की दुसरा झटका कधीही येईल. त्यामुळे माझा जीव त्या दिवसापासून टांगणीलाच होता. या दोन हट्टी माणसांनी एकदा समोरासमोर बसावं, एवढंच मला हवं होतं. देवाकडे मी दुसरं काही मागत नव्हते.

तर त्या दिवशी मी बाबांना ती मेल दाखवली. त्यांनी वाचली आणि भुवया चढल्या. टाइप केलं: 'मी नाही.'

"ते ठाऊक आहे हो. पण हुबेहूब तुमच्यासारखी आहे."

त्यांना ते आवडलं नाही.

माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आमची मेलची पेटी उघडली तर आत परत आलेल्या मेलचा डोंगर. हा पत्ता अस्तित्वात नाही. ही पेटी भरली आहे. मी रजेवर आहे, तातडीचं असल्यास अमक्याला भेटा. कुठल्या कुठल्या लिप्यांत. जगभरातल्या अनोळखी लोकांना आमच्या नावाने काहीतरी गेलं होतं आणि त्यातलं जे परत फिरलं ते सगळं आमच्या दारात येऊन पडत होतं. खरी कामाची मेल त्यात शोधायची म्हणजे नाकीनऊ.

ज्या कंपनीकडून आमचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातलं आमचं नाव, घेतलं होतं तिथे फोन लावला. एक शांत आवाजाचा माणूस मिळाला.

"आमची पेटी कोणीतरी फोडलीय," मी म्हणाले.

"फोडलेली नाही, मॅडम. कोणीही पाकिटावर मागे तुमचं नाव-पत्ता लिहून कुठल्याही डब्यात टाकू शकतं ना? तसंच आहे हे. आत कोणी शिरलेलं नाही."

"मग आमच्याच गिऱ्हाइकांचे पत्ते त्यांना कुठून मिळाले?"

"कोणाच्या तरी कॉम्प्युटरमधून. तुम्ही कधी सगळ्यांना मिळून एकच मेल पाठवली होती का, सगळे पत्ते दिसतील अशी? तेवढी एक हाती लागली तरी पुरते."

पाठवली होती. कोणती ते मला लगेच आठवलं, पण धाकट्याचा पत्ताही त्यातच आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही. डोक्यात सोनार होता.

उपाय आहे, तो म्हणाला. आमची खरी मेल कुठून कुठून निघते त्याची यादी जाहीर करायची, आणि त्याबाहेरून आमच्या नावाने काही आलं तर काय करायचं हे जगाला सांगून ठेवायचं. नुसती नोंद करा, बाजूला ठेवा किंवा नाकारा, असे तीन पर्याय. "पण आधी काही आठवडे नुसती नोंद करा. तुमची स्वतःची मेल कुठल्या वाटांनी जाते हे लोकांनाच ठाऊक नसतं. एकदम नाकारायला लावलंत तर तुमचीच अडकायची."

मी हे सगळं बाबांना सांगितलं, त्या माणसाच्या सल्ल्यासकट. ते अर्धंच ऐकत होते. टाइप केलं: 'नाकारा.'

"तो म्हणतोय थोडं थांबा."

'खात्री नाही तर नाकारा.' आणि बोटाने पडद्यावर टकटक केलं, म्हणजे विषय संपला.

खरं सांगायचं तर मलाही थांबायचं नव्हतं. माझं डोकं तापलं होतं. माझ्या टेबलावरून मेल जाते ती वाट मी यादीत घातली आणि बाकी सगळं नाकारा असा नियम लावला. वर पेटीला एक चाळणी बसवली: त्या 'कागदा'च्या विषयाची प्रत्येक मेल आणि परत आलेली, नाकारलेली प्रत्येक मेल, न विचारता थेट कचऱ्यात. पेटी एकदम स्वच्छ झाली. मी हात झटकले आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गिऱ्हाइकांसाठी सूचना लिहिली. स्वतः, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. 'आमच्या नावाने आलेले पत्र आमचे नाही. आम्ही कागद पाठवलेला नाही. आम्ही कोणाची वाट पाहत नाही. दुर्लक्ष करावे.' खाली नाव. मी विचारलं, कोणाकोणाला? 'सर्वांना.' मी त्या जुन्या सूचनेचीच पत्त्यांची यादी घेतली आणि माझ्या टेबलावरून सर्वांना पाठवली.

जेवायच्या सुमाराला सोनाराचा पुन्हा फोन. आता आवाज मऊ. त्या खोट्या मेललाच उत्तर म्हणून त्याने आपल्या नव्या काट्याबद्दल काही विचारलं होतं, ते पोचलं का? चाळणीत गेलं असणार. मी कचरा उघडला. सोनाराची मेल सापडली. तिच्या खालीच धाकट्याची होती, आदल्या संध्याकाळी आलेली.

'बाबा, तुमची मेल मिळाली. कागद उघडत नाही. नाही उघडला तरी चालेल. वाट पाहत आहे एवढं वाचलं. उद्या दुपारच्या बसने निघतो. छोटीला घेऊन येतोय. ती विचारते, आजोबांना बोलता येत नाही तर मी त्यांच्याशी कशी बोलू. मी म्हटलं तू बोल, ते ऐकतील.'

मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. मग फोन लावला.

त्याने लगेच उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न, कोणीतरी गावांची नावं ओरडत होतं.

"बसलास का बसमध्ये?"

"नाही. स्टँडवर आहे. घरी परत चाललोय." मग म्हणाला, "सूचना मिळाली."

"अरे, ती तुझ्यासाठी नव्हती रे! गिऱ्हाइकांसाठी होती."

"आली तर मला ना. ताई, ती लिहिली कोणी? तू की त्यांनी?"

खोटं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण 'आम्ही कोणाची वाट पाहत नाही' हे मी लिहिलं असं सांगून तरी काय साधणार होतं?

"त्यांनी," मी म्हणाले.

"मग झालं तर."

"तू ये. बसमध्ये बस आणि ये. मी सांगते ना, त्यांना तू हवा आहेस."

"तू नेहमीच सांगतेस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "बाबा तुझी आठवण काढत होते. बाबांनी छोटीचा फोटो मागितला. बाबा झोपेत तुझं नाव घेत होते. मला काय कळत नाही का गं, कोण बोलतंय ते? मी ऐकून घ्यायचो, कारण तुला बरं वाटायचं. पण काल मला वाटलं, हे ते स्वतः बोललेत. आई गेल्यानंतर काल पहिल्यांदा मी..." मागून छोटीचा आवाज आला, बस कुठेय म्हणून. त्याने फोन बंद केला.

तो म्हणाला ते खरंच होतं. ते फोटोबिटो माझंच. बाबांनी फोटो कधी मागितला नव्हता. मी आपणहून बाकावर ठेवायचे आणि तो दुसऱ्या दिवशी खणात गेलेला असायचा.

मी धाकट्याची मेल बाबांच्या पडद्यावर उघडली आणि सरळ सांगितलं, "तुमच्या नावाची ती खोटी मेल त्याला खरी वाटली. निघाला होता, लेकीला घेऊन. तुमची सूचना वाचून स्टँडवरून परत गेला."

बाबांनी वाचलं. मग परत वरपासून. त्यांचा डावा हात बाकावर काहीतरी शोधायला लागला, वजनांच्या पेटीवरून, कापडावरून, कीबोर्डवरून. घशातून एक आवाज निघाला. वर्षभर मी त्यांचे सगळे आवाज ओळखायला शिकले होते, हा नवा होता. मला रडायला आलं आणि मी रडले, त्यांच्यासमोरच, त्यांना न आवडणाऱ्या पद्धतीने, हुंदके देऊन.

'फोन', त्यांनी टाइप केलं. मी लावला. पुन्हा लावला. धाकट्याने उचलला नाही. तेव्हा त्यांनी मला हाताने दूर केलं, जा, म्हणून. पडदा स्वतःकडे वळवला आणि लिहायला बसले.

मी माझ्या टेबलापाशी बसून त्यांची पाठ बघत होते. कीबोर्डचा एकेक ठोका, मधे खूप वेळ काही नाही, मग पुन्हा एक. उन्हं बाकावरून खाली उतरली. दोन गिऱ्हाइकांना मी दारातूनच परत लावलं. अखेर त्यांनी पडदा वळवला. त्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता: 'पाठवले.'

"काय लिहिलंत?"

त्यांनी मान हलवली, सांगणार नाही. आणि ओठांची जी एक बाजू हलायची ती थोडी वर गेली. बाबा लाजताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

मी धाकट्याला निरोप टाकला: बाबांनी तुला स्वतः लिहिलंय, बघ. काही वेळाने उत्तर आलं: काही आलेलं नाही. मी लिहिलं, नीट बघ, कचऱ्यातही बघ. तो म्हणाला, सगळीकडे बघितलं. काही नाही. ताई, पुरे कर आता.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा एका बोटाने अर्धा दिवस खपून लिहितो आणि हा अडेलतट्टू म्हणतो आलंच नाही! मी त्याला लिहिलं, तू त्यांचाच मुलगा शोभतोस. त्याने काही उत्तर दिलं नाही. मीही मग फोन केला नाही. नाक घासत किती जायचं माणसाने?

बाबांना मी म्हटलं, येईल, रजा मिळत नसेल. ते रोज सकाळी दाढी करून घ्यायला लागले. एरवी त्यासाठी मला भांडावं लागे. धुतलेला शर्ट घालून खुर्ची खिडकीशी लावून घेत. एक दिवस कोपऱ्यातल्या मोठ्या काट्याकडे बोट दाखवत राहिले, मी पुसून लख्ख करेपर्यंत थांबले नाहीत. तो काटा कोणी वापरत नाही, मी कुरकुरले. पुसला झालं.

रस्त्यावर रिक्षा थांबली की मान वळायची. मग वळायची ती हळू वळायला लागली. एके दिवशी दाढीचं सामान घेऊन गेले तर त्यांनी हात आडवा केला. त्यानंतर ते खिडकीशी बसले नाहीत. माझी ताकद नव्हती त्यांच्याकडे बघायची. धाकट्याचा राग राग करत मी कामं उरकत होते.

दुसरा झटका आला तो भर दुपारी, बाकापाशीच. मी दवाखान्यात फोन करेपर्यंत संपलं होतं.

धाकटा आला, भावजय आणि छोटीसह. सगळं रीतसर झालं. तो माझ्या गळ्यात पडून रडला आणि मी ताठ उभी राहिले, कारण माझ्या मनात अजून तेच होतं: त्यांनी लिहिलं होतं आणि तू आला नाहीस. लोक पांगल्यावर त्याने विचारलं, "शेवटी काही म्हणाले का?" मी म्हटलं, "म्हणायचं ते त्यांनी तुला लिहून झालं होतं." तो उठून छोटीकडे गेला.

धाकटा आणि त्याची माणसं अजून घरीच होती तेव्हा औषधवाल्या बाईंचा फोन आला. बाबा गेले म्हणून हळहळल्या, आणि मग चाचरत म्हणाल्या, "तुम्ही तपासून दिलेल्या काट्याचा दाखला अजून आलेला नाही हो."

"पाठवला होता मी. बाबा असतानाच."

"नाही मिळाला."

दाखले आम्ही बाकावरच्या कॉम्प्युटरवरून पाठवतो. काटा त्यालाच जोडलेला असतो, आकडे सरळ उतरतात. त्याची मेल माझ्या टेबलावरून जात नाही, फोनवाल्या कंपनीच्या जुन्या जोडणीतून वेगळी जाते. हे तोंडाने बाईंना सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. ही वाट मी यादीत घातलेलीच नव्हती.

कचरा उघडला. दाखले होते, सगळे परत आलेले. आणि त्यांच्या आधी एक, धाकट्याच्या पत्त्यावरून नाकारलेली. वर शिक्का: 'हे पत्र या पत्त्याच्या मालकाने पाठवल्याची खात्री झाली नाही. मालकाच्या नियमानुसार नाकारले.' खाली बाबा होते.

'बाळा, ते पत्र माझे नव्हते. हे माझे आहे. मी रोज वाट बघतो. दवाखान्यात तोंड फिरवले ते रागाने नाही. तोंड वाकडे झाले होते, लाळ गळत होती. तू तसे बघावे याची लाज वाटली. मग तू गेलास. बोलता येत नव्हते. तुझा काटा बरोबर होता. हेही सर्वांना कळवायला हवे होते. मी कळवले नाही. छोटीचे फोटो माझ्या खणात आहेत, ताईला सांगू नको. तिला घेऊन ये. मोठ्या काट्यावर बसवू. तुझे असेच वजन करत होतो लहानपणी, तू हसायचास आणि काटा स्थिर होत नसे. ये रे. बाबा'

मी धाकट्याला हाक मारली. कशी मारली कोण जाणे, तो धावत आला. त्याला खुर्चीत बसवलं आणि पडदा दाखवला. "बघ. अडकली होती. माझ्या नियमात अडकली. तू खोटं बोलत नव्हतास, मीच..."

त्याने वाचलं. चेहरा एकदम लहानपणीचा झाला, तोंड किंचित उघडं. मग त्याने दुसऱ्यांदा वाचलं, सावकाश, आणि तो चेहरा मिटला. माझ्याकडे वळून इतक्या मायेने बघितलं की मला भीती वाटली.

"ताई," तो म्हणाला, "कधी लिहिलंस हे?"

"मी? अरे गाढवा, बाबांनी लिहिलंय! वर तारीख बघ. नाव बघ."

"नाव त्या मेलवरही होतं."

"ती खोटी होती! ही परत आलेली आहे, वर शिक्का आहे, वाच ना!"

त्याने शिक्का वाचला. "मालकाने पाठवल्याची खात्री झाली नाही," तो हळूच म्हणाला. "मी काही बोलतोय का तुला? राग नाही मला."

"तोंड का फिरवलं होतं ते मला कुठून कळणार? मला कधी सांगितलं त्यांनी?"

"तुला नाही कळणार तर कोणाला? रोज त्यांचं तोंड तू पुसायचीस." त्याचे डोळे भरून आले होते आणि तरी तो मलाच समजावत होता. "बाळा म्हणतील का गं बाबा? लाज वाटली म्हणतील? ये रे म्हणतील? ती पहिली मेल आली ना, मी एका क्षणात ओळखलं होतं की ही बाबांची. ही तुझी आहे. फोनवर बोलायचीस ना, अगदी तशीच."

मी ओरडले. शपथा घेतल्या. खण उघडून फोटो दाखवले, तर म्हणाला, तूच ठेवायचीस ना ते बाकावर. बाकावरचा कॉम्प्युटर, जोडणी, यादी, सगळं सांगितलं, आणि जितकं सांगत गेले तितकं ते माझ्याच कानाला रचून आणल्यासारखं वाटायला लागलं. छोटी दारात येऊन उभी राहिली. आत्या का ओरडतेय, तिने विचारलं. "आजोबांची आठवण येतेय तिला," धाकटा म्हणाला आणि माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला.

निघताना पायरीवर थांबला. "ती मेल मला दे," म्हणाला. "जपून ठेवीन. फार छान लिहिलंयस, ताई. तुझ्या पत्त्यावरून पाठव, म्हणजे पोचेल."

मी पाठवली. लगेच पोचली. त्याच्याकडे ती आता माझ्या नावाने आहे.